हरळी जगवायची आहे, अण्णा

डॅलसच्या उत्तरेला, मे महिना

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,


आधी एक गोष्ट नीट सांगते, कारण माई आत्याने ती आतापर्यंत गल्लीभर वेगळीच सांगितली असणार. आम्हाला घरातून कोणी काढत नाहीये. ईशान व्हिडिओवर म्हणाला, ‘आजी, आमचं लॉन मेलं, तीस दिवसांची नोटीस आलीये.’ त्यातलं आईने ‘मेलं’ आणि ‘नोटीस’ एवढंच उचललं. तासाभरात आत्याचा फोन: घाबरू नकोस, बार्शीचं घर रिकामंच आहे. पाठोपाठ तात्यांनी वकिलाचा नंबर पाठवला. मग दादाचा मेसेज, ‘किती लागतील ते स्पष्ट सांग.’ (दादा, हा मेसेज मी जपून ठेवलाय. कधीतरी उपयोगी पडेल.) मेलंय ते फक्त दारासमोरचं गवत. नोटीसही त्याचीच.

फोनवर हे सांगायला गेले तर अण्णा स्वतःच बोलत राहतात, म्हणून पत्र. शेजारचे कुलकर्णी काका शनिवारी पुण्याला निघालेत, त्यांच्या बॅगेत सरकवते. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीपर्यंत जेवढं होईल तेवढं.

पार्सल पोचलं. शेंगाची चटणी, काळा मसाला, कडक भाकरी, सगळं शाबूत. भाकरी एकही मोडली नाही; तिला मोडायची ताकद टपाल खात्यात नाही. आणि अण्णा, तुमचं खुरपं! आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते पातं बघून महेशला वाटलं, तुम्ही त्याला काही निरोप पाठवलाय. आईने घासून लख्ख केलं होतं म्हणून बरं, माती लागलेली असती तर कस्टममध्येच राहिलं असतं. हरळीचं मूळ पाठवू का, असं तुम्ही विचारलंत, ते मात्र स्वप्नातही करू नका. रोपं, मुळं असलं काही इकडे आणायचं तर रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. आणि टेक्सासात हरळी कमी नाही. आमचं लॉन हरळीचंच आहे.

हो. मी हे आजवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. इथे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. ज्या हरळीपायी तुम्ही उन्हाळ्यात दोन-दोन नांगरटी केल्यात, जिच्यावरून तात्यांशी बांधावर भांडलात, तीच आम्ही पैसे देऊन दारात वाढवतो आणि ती मेली की रडतो. आता पाणी प्या आणि पुढचं वाचा.

झालं असं. हे उन्हाळी गवत. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली की पिवळं पडून झोपी जातं आणि मार्चअखेर माती ऊबदार झाली की पुन्हा फुटतं. तेव्हा हिवाळाभर इथे सगळ्यांची दारं वाळक्या कडब्याच्या रंगाची असतात, त्यात लाज नाही. एप्रिल उजाडला, समोरच्यांचं हिरवं, डावीकडच्यांचं हिरवं, आमचं मात्र तसंच. महेश म्हणाला, ‘झोपलंय अजून.’ मी म्हटलं, तुझ्यासारखं. मग एके सकाळी मी मूठभर धरून ओढलं. जिवंत असेल तर ते तुमच्या हरळीसारखंच हटून बसतं, मेलेलं असेल तर गालिचा उचलावा तसं हातात येतं. आलं हातात. ठिकठिकाणी खणून मातीतल्या काशा बघितल्या: पांढऱ्या, टणक असल्या तर जीव आहे, तपकिरी होऊन काडीसारख्या मोडल्या तर गेल्या. चारातले तीन हिस्से गेलेले. ड्राइव्हवेच्या कडेला आणि मागच्या अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्यात तेवढा जीव होता.

कशाने मेलं याचा पंचनामा घरात बरेच दिवस चालला. गेल्या जुलैत आपण सगळे गोंदवल्याला गेलो होतो तेव्हा इथे स्प्रिंकलरचा एक व्हॉल्व्ह बंद पडला, नेमका आमच्या उन्हाळ्यात. वरून बिल्डरने लावलेला ओक आता एवढा पसरलाय की अर्ध्या दारावर सावली. हरळीला सहा-आठ तास नितळ ऊन लागतं, सावलीत ती झुरते. अण्णा, हे तुम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर शेतभर चिंचा लावल्या असत्यात.

आता नोटीस. आमच्या वसाहतीची घरमालकांची सोसायटी आहे, एचओए म्हणतात. आपल्याकडच्या सोसायट्या पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून भांडतात. ही कचऱ्याचा डबा रस्त्यावरून किती वाजता आत न्यायचा आणि दाराला रंग कुठला द्यायचा तेही ठरवते. तिचं पत्र आलं, सोबत आमच्याच घराचा फोटो, म्हणजे कोणीतरी गाडी थांबवून काढलेला. ‘समोरील हिरवळ स्वीकारार्ह स्थितीत आणावी.’ तीस दिवस. नंतर दंड. महेशने लगेच कायदा शोधला. 2025 साली टेक्सासने एक कायदा केलाय, की पाण्यावर निर्बंध असताना आणि ते उठल्यावर साठ दिवसांपर्यंत गवत तपकिरी पडलं म्हणून सोसायटीने दंड करायचा नाही. महेशने कलमासकट उत्तर लिहिलं. तुमचा जावई इतक्या आवेशाने काही लिहिताना मी लग्नानंतर प्रथमच बघत होते. सोसायटीचं उलट उत्तर आलं: कायदा तपकिरी पडलेल्या गवतासाठी आहे, आपलं गवत तपकिरी नाही, नाही. म्हणजे अस्तित्वातच नाही. यावर महेशला बोलता येईना, आणि खरं सांगायचं तर मलाही ते वाक्य आवडलं.

कुकर उतरवला. वरण फोडणीला टाकून पुन्हा बसले.

आई, पिंकीच्या स्थळाचं काय झालं? फोटोत मुलगा बरा दिसतो, पण त्याची आई सगळ्या फोटोत त्याचा दंड धरून उभी आहे, हे तुम्ही पाहिलंत का? वहिनीला सांग, माझं नाव न घेता हा मुद्दा मांड. आणि दादा अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतोय असं ऐकलं. एक अंगण काढून टाकतोय, दुसरीकडे बहीण अंगणासाठी दंड भरायच्या तयारीत. तुळशीभोवती तरी माती ठेव रे बाबा. पेव्हरच्या फटीतून पहिल्या पावसानंतर काय वर येणार आहे, हे तुला अण्णांनी सांगितलेलं दिसत नाही.

किमतीचं सांगते, बसून वाचा. एका कंपनीचा माणूस येऊन मोजून गेला. जुनं खरवडून नवे तयार गवताचे चटे अंथरायचे. ते इथे पॅलेटवर मिळतात, एका पॅलेटमध्ये साधारण साडेचारशे चौरस फूट. आमचं दार दोन हजार चौरस फूट. त्याने हसतमुखाने आकडा सांगितला, चार हजार आठशे डॉलर. आई, तू गुणाकार करायला लागली असशील, मीच सांगते: चार लाखांच्या वर. हरळी अंथरायचे! तिकडे तुम्ही बायका लावून तिच्या काशा वेचून घेता, पाट्या भरभरून बांधावर टाकता, उन्हात वाळवून पेटवता. ते सगळं बोटीने इकडे आणलं असतं तर दादाला नोकरी करावी लागली नसती. त्या माणसाला मी विचारलं, एवढे पैसे घेऊन आमच्या ओकखाली ते जगेल का? म्हणाला, ‘तिथे पुढच्या वर्षी पुन्हा टाकू.’ चहा दिला आणि वाटेला लावलं.

महेश म्हणाला, मग बी टाकू. त्यात दोन अडचणी. एक तर फेब्रुवारीत एका दुसऱ्या कंपनीने तण उगवू नये म्हणून दारात औषध मारलेलं. ते औषध तणाचं बी आणि आपलं बी असा भेद करत नाही. महिनोन्‌महिने मातीत बसून जे उगवेल त्याचा कोंब मारतं. दुसरी अडचण त्याहून गमतीची. आमचं गवत साधी हरळी नाहीच, ती टिफवे 419 नावाची संकरित जात आहे. जॉर्जियातल्या टिफ्टन गावच्या ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने 1960 साली ती बाहेर काढली. आपली हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतली तिची एक बारीक पानांची बहीण यांचा संकर. ती वांझ आहे, तिला रुजणारं बी धरत नाही. आणि अण्णा, हे वाचून मी खुर्चीतून उठले: याच बर्टनने बाजरीचं टिफ्ट 23ए हे मादी वाण तयार केलं, त्याच्यावरून आपल्याकडे 1965 साली एचबी-1 आली. आजोबांनी माळाच्या पट्टीत लावलेली हायब्रीड बाजरी, जिच्या भाकरीला चव नाही म्हणून आजी जन्मभर कुरकुरली, ती! म्हणजे एकाच माणसाने आजीची भाकरी आणि माझं दार, दोन्हींचं नशीब लिहिलंय. आजी असती तर म्हणाली असती, तरीच मेलं.

बी नाही, चटे नाहीत, मग काय? तेव्हा तुमची आठवण झाली. म्हणजे रोजच होते, पण कामापुरती तेव्हा झाली. तुम्ही रोटाव्हेटरवाल्याच्या अंगावर धावून गेला होतात ते आठवतंय? ‘हरळीत रोटा घालतोस? एकीच्या शंभर करतोस!’ प्रत्येक पेराला डोळा, प्रत्येक तुकड्याला फुटवा. मला झालं की, अरे, आपल्याला शंभरच तर करायच्यात. अण्णा, जन्मभर तुम्ही हरळीचं जे जे केलंत त्याच्या बरोबर उलट केलं की इथलं लॉन दुरुस्त होतं. तुम्ही नांगरून काशा उन्हात उताण्या पाडायचात. मी मागच्या अंगणातून काढलेल्या काशा एक मिनिटही वाळू देत नाही, ओल्या पोत्याखाली ठेवते. तुम्ही तिचं पाणी तोडायचात, मी दिवसातून तीनदा शिंपडते. दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे, वीतभर अंतरावर बोटभर सरी ओढायच्या, तुकडा आडवा ठेवून शेंडा वर ठेवायचा आणि पायाने दाबायचं. औषधाचं काय, तर ते बी रुजताना मारतं. तुकड्यांच्या नव्या मुळांनाही थोडं जड जातं, म्हणून फेब्रुवारीपासून इतके दिवस थांबून मे उजाडल्यावर लावले. इथे हीच रीत आहे, मोठमोठी मैदानं अशीच लावतात. तुमच्या खुरप्याने सगळ्या सऱ्या ओढल्या. इथल्या दुकानात तेवढ्या कामाला लांब दांड्याची चार वेगवेगळी हत्यारं विकायला आहेत.

पण दिवसातून तीनदा पाणी म्हटलं की इथला पाण्याचा नियम आडवा येतो. आमच्या गावात स्प्रिंकलर आठवड्यातून दोनच दिवस चालवायचा, तेही घराच्या नंबरावरून ठरलेले वार. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बंद. आमच्या नंबराला वार आला तो एकादशीला उपास करणाऱ्याला पंगतीत बसवल्यासारखा: ज्या दिवशी माझी पहाटेची मीटिंग, त्याच दिवशी पाळी. पाळी पहाटे चारला सुरू. मी उठून खिडकीतून बघते, फवारे नीट फिरतायत ना. तुम्ही रात्रीच्या लायटीची वाट बघत मोटारीपाशी बसायचात, आई डबा देऊन मला पाठवायची, आणि तुम्ही म्हणायचात, शिक, म्हणजे असलं जागरण करावं लागणार नाही. शिकले, अण्णा. इतकी शिकले की सात समुद्रांपलीकडे येऊन पहाटे चारला पाण्याची पाळी देते.

नव्या लागवडीला सवलत मिळते, पण अर्ज करावा लागतो. अर्जात क्षेत्रफळ, लागवडीची तारीख, गवताची जात. मंजूर झाल्यावर एक पाटी देतात, ती दारात रोवायची, म्हणजे शेजाऱ्यांनी तक्रार करू नये. महेशने ती इतकी मधोमध रोवलीये की निवडणुकीला उभा आहे असं वाटतं. नळी हातात धरून पाणी घातलं तर मात्र कधीही चालतं. म्हणून मी संध्याकाळी नळी धरून उभी असते. येणारेजाणारे हात हलवतात. मीही हलवते. मनात येतं, कोणीतरी थांबून ‘काय पेरलंय?’ असं विचारावं. इथे कोणी विचारत नाही, हात हलवतात.

माती कशी म्हणाल तर अगदी आपल्या पांदीच्या रस्त्याच्या पट्टीसारखी. उत्तरेच्या रेड नदीपासून डॅलसवरून खाली सॅन अँटोनिओपर्यंत काळ्या मातीचा पट्टा आहे, पूर्वी कापसाने भरलेला. मातीचं नावच ह्यूस्टन ब्लॅक. ओली झाली की चपलेला धरते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. भेगा पडल्या की माती आकसते आणि घराचा पाया हलतो, म्हणून इथले लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी घालतात! खोटं नाही. पायाभोवती झिरपणारा पाइप फिरवलेला असतो. तात्यांना सांगा, इथे घराला ठिबक करतात. अनुदान नाही.

लावणीच्या दिवशी एक गंमत झाली. मी उकिडवी बसून मागच्या अंगणात काशा काढत होते, आणि काढली की मागे, काँक्रीटवर उन्हात भिरकावत होते. चांगली ढीगभर झाल्यावर आर्या म्हणाली, ‘आई, तू फेकतेस का?’ हाताला तेवढंच माहीत आहे ना. सुट्टीत तुम्ही आम्हाला पाटीमागे चार आणे द्यायचात. दादा खाली ढेकळं भरून वर काशा पसरायचा, आणि तुम्हाला कळत असून तुम्ही त्यालाही चार आणे द्यायचात. मी पाटी दाबून भरायचे. माझ्या दोन पाट्यांचे आठ आणे तुम्ही ‘संध्याकाळी देतो’ म्हणालात आणि त्या संध्याकाळी मामा आला. राहिले. ते सगळं वेचून परत पोत्याखाली ठेवताना मला एकदम इतकं भरून आलं की आर्याला सांगावं लागलं, डोळ्यात माती गेली. तिने चष्मा आणून दिला. या मुलांना प्रत्येक गोष्टीला उपकरण सुचतं.

असो. आई, तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा तू लावतेस की देवघराच्या खुंटीला अडकवलायस? वहिनीने मला खरं सांगितलंय, तेव्हा उत्तर विचार करून दे. माई आत्या आणि तात्यांचं बांधाचं मोजणीवर गेलं म्हणे. दोघांनाही माझा नमस्कार, आणि दोघांनाही स्वतंत्रपणे सांग की माझ्या मते तेच बरोबर आहेत. म्हशीचं नाव बदललं का? ईशान अजून तिला विचारतो.

गवताची खबर एवढीच, की काही तुकड्यांच्या पेरांवर हिरवे कोंब दिसायला लागलेत. सगळ्या नाही. ओकच्या सावलीत मी काहीच लावलं नाही, तिथे सालपटांचा थर पसरून गोल आळं केलं. सोसायटीला ते ‘वृक्षआळे’ म्हणून चालतं. मुळं धरली की नत्र द्यायचं: हजार चौरस फुटाला महिन्याला एक पौंड. मी तुमच्यासाठी एकरात करून ठेवलंय: एकरी दर महिन्याला युरियाचं एक पोतं. ज्वारीला कधी एवढं घातलंत का? पसरायला लागली की कापायची, तीही बुटकी, इंच-दीड इंच. बुटकी कापली की आडवी पळते. शेळ्या चरल्या की हरळी दाट होते, असं तुम्ही म्हणायचात. इथे शेळीऐवजी महेश आहे.

आणि दूर्वांचं. आई, तू विचारलंस की आता दारचीच हरळी गणपतीला वाहता येईल ना. गेल्या वर्षी इंडियन दुकानात एक बारकी जुडी चार डॉलरला घेतली होती, तीही मान टाकलेली. पण दारच्या गवतावर औषधं मारलेली आहेत, शिवाय ते संकरित. ती मी वाहणार नाही. फूटपाथ आणि रस्त्याच्या कडेच्या दगडामध्ये एक फट आहे, तिथे साधी, गावठी हरळी आपणहून उगवलीये. तिला ना पाणी, ना खत, ना अर्ज, ना पाटी. हिरवीगार. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीलाही तिथूनच एकवीस जुड्या देणार आहे. कुत्री फिरवणाऱ्यांचा रस्ता आहे, तेव्हा धुऊन घेईन. तू काळजी करू नकोस आणि आत्याला हा भाग वाचून दाखवू नकोस.

आता मुख्य. अण्णा, तुमचा व्हिसा चालू आहे, पासपोर्ट चालू आहे, गुडघे आईचे दुखतात, तुमचे नाही. पेरणी आटोपली की या. दादा तुरीकडे बघेल, आणि नाही बघितलं तरी तुम्ही इथून फोनवर ओरडालच. फक्त उजवीकडच्या रॉनच्या दारात जपून. त्याच्याकडे सेंट ऑगस्टीन नावाचं रुंद पानांचं गवत आहे, आणि आमची हरळी त्याच्या हद्दीत घुसते म्हणून तो वाकून वाकून उपटत असतो. तुमच्या वयाचाच आहे. खुरप्याकडे त्याचं फार दिवस लक्ष आहे. तुम्ही दोघं भेटलात तर भाषेची अडचण येणार नाही, पण मला कोणाची बाजू घ्यावी लागेल ते आत्ताच दिसतंय. तिकिटाचं महेश बघतोय, तारखा कळवा.

वहिनीला, पिंकीला आशीर्वाद आणि नमस्कार ज्याचे त्याला.

आपली,
सुमी

ता. क. कुलकर्णी काकांबरोबर आईसाठी गुडघ्याचं मलम आणि दादासाठी बूट पाठवतेय. परत येताना त्यांच्या बॅगेत पाच किलो जागा आहे असं ते म्हणाले. आत्याच्या लोणच्याला नाही म्हणू नका, पण बरणी काचेची नको. आणि माझे आठ आणे.